पुरात बुडालेली स्ट्रॅटोकास्टर: नाशिकमधल्या एका दुरुस्तीचं प्रकरण

(संबंधितांच्या परवानगीने लिहिलं आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. गिटारचे तपशील आहेत तसेच ठेवले आहेत.)

पार्श्वभूमी

जून २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात ही गिटार (स्ट्रॅटोकास्टर म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीचं इलेक्ट्रिक गिटारचं एक मॉडेल) माझ्याकडे आली, ती गोणीत. केस केव्हाच कुजून गेली होती. गोणीचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं आणि सोबत प्लॅस्टिकच्या डब्यात सुटे स्क्रू, दोन खुंट्या, एक तुटका नॉब आणि एक तुटलेलं सॅडल (तार टेकते तो धातूचा तुकडा). आणणाऱ्या ताई म्हणाल्या, "बाबांना सांगितलं नाहीये अजून. होणार नसेल तर तुम्ही मलाच सांगा."

मी सातपूरच्या एका टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली आणि आता घरीच वाद्यदुरुस्ती करतो. बहुतेक काम हार्मोनियमचं आणि अँप्लिफायरचं. गिटारी येतात, पण पन्नास वर्षांची अमेरिकन गिटार वर्षातून एखादीसुद्धा येत नाही.

ताईंचे वडील, त्यांना इथे काका म्हणतो, तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. सत्तर आणि ऐंशीच्या दशकात ते ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचे: गणपती, नवरात्र, कारखान्यांची स्नेहसंमेलनं. ही गिटार त्यांनी १९७४ साली मुंबईत, बोटीवर वाजवणाऱ्या एका वादकाकडून हप्त्याने घेतली. पुढे कीबोर्डवालाच चार जणांचं काम करू लागला, ऑर्केस्ट्रे विरळ झाले आणि गिटार सराफ बाजाराच्या मागच्या वाड्यात, तळमजल्याच्या खोलीत कॉटखाली गेली.

२ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला पूर आला. नाशकात पुराचं माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून काढतात. काका नंतर मला म्हणाले, "मारुतीच्या कमरेला पाणी लागलं तेव्हाच गिटार वर न्यायला हवी होती. आम्ही आधी शिलाई मशीन नेलं." गिटार दीड दिवस पाण्यात आणि नंतर आठवडाभर गाळात होती. घर साफ केल्यावर ती तशीच, न उघडता, माळ्यावर गेली. तिथे सात वर्षं.

नेमकं काय बिघडलं होतं

गिटार उघडण्याआधी ती काय आहे हे ठरवायचं होतं. घरात सगळे "ओरिजनल फेंडर" म्हणत होते, पण त्या शब्दाखाली काहीही खपतं. मोठं हेडस्टॉक (खुंट्या बसतात ते टोक), बॉडीला तीन स्क्रूंनी जोडलेला नेक (दांडा), हेडस्टॉककडून बंदुकीच्या गोळीसारखं डोकावणारं ट्रस रॉडचं (नेकचा वाक सरळ करणाऱ्या आतल्या सळईचं) नट, नेक-बॉडीच्या जोडपट्टीवर मोठा 'एफ' आणि सहा आकडी क्रमांक. तीन स्क्रूंचा जोड १९७१ मध्ये आला, म्हणजे काळ जुळत होता. आतल्या पोटेन्शिओमीटरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीवर १३७७२०२ असा आकडा निघाला. १३७ हा बनवणाऱ्या कंपनीचा, ७२ हे वर्ष आणि ०२ हा आठवडा. हा पोटेन्शिओमीटर १९७२ च्या दुसऱ्या आठवड्यातला आहे, म्हणजे गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही. काकांचं १९७४ त्याच्याशी जुळतं.

आणखी एक पुरावा होता आणि तो मी माझ्याच हाताने घालवला. त्या काळी नेक कुठल्या महिन्यात आणि वर्षी बनला ते त्याच्या टाचेवर शाईच्या शिक्क्याने छापत. स्क्रू काढून नेक सोडवला तेव्हा टाचेवर गाळाचा पातळ थर होता आणि त्याखाली निळसर काहीतरी दिसत होतं. मी ओल्या फडक्याने गाळ पुसला. फडकं निळं झालं आणि टाच स्वच्छ. फोटो काढलेला नव्हता. टूलरूममध्ये आम्ही पोरांना शिकवायचो की जॉब हातात घेतला की आधी माप लिही, मग हात लाव. ते मी इथे विसरलो.

बाकी नुकसान असं. बॉडी तीन तुकड्यांची, त्यातला खालचा सांधा नखभर उघडला होता. तीनरंगी सनबर्स्टचा जाड पॉलिएस्टर थर खालच्या बाजूला कवचासारखा सुटलेला, टिचकी मारली की पोकळ वाजायचा. या रंगातून पाणी शिरत नाही. ते शिरतं स्क्रूच्या भोकांतून आणि रंग नसलेल्या पोकळ्यांतून, आणि आत गेलं की रंगच त्याला बाहेर पडू देत नाही. नेकवरची शिसवाची पट्टी, जिच्यावर बोटं दाबतात, ती एका टोकाकडून सातव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या कडा) उचकटली होती. ट्रस रॉडचं नट गंजून बसलेलं. ट्रेमोलोचा, म्हणजे तारांचा ताण हलवून सूर डोलवणाऱ्या ब्रिजचा, दांडा त्याच्या ब्लॉकमध्येच तुटलेला. तीनपैकी दोन पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी कॉइल) मेलेले.

या सगळ्याच्या आधीची एक जुनी जखमही होती. तीन स्क्रूंचा नेक ढिला झाला की बाजूला सरकतो. ऐंशीच्या दशकात कधीतरी त्यावर इलाज म्हणून गल्लीतल्या सुताराने जोडपट्टीच्या बाजूने दोन इंची दोन सुतारी स्क्रू थेट नेकमध्ये मारले होते. त्याला हसू नये. त्याच दोन स्क्रूंवर काकांनी पुढे सहा-सात सीझन काढले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय विकण्याचा. मुंबईतल्या एका जुन्या वाद्यांच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवले. आहे त्या अवस्थेत घ्यायला तो तयार होता. ताईंनी रक्कम ऐकली, थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "हे बाबांना विचारावं लागेल." अशा रीतीने काकांना कळलं.

काका स्वतः आले. त्यांनी दुसराच पर्याय मांडला: सगळं खरवडून काढायचं, नवा रंग मारायचा, नवे पिकअप, नवा ब्रिज, चकाचक. त्यांनी लाल रंगही ठरवून ठेवला होता. मी म्हटलं, मूळ रंग उतरवला की किंमत निम्म्यावर येते असा संग्राहकांचा ढोबळ हिशेब आहे. काका म्हणाले, "विकायची कुणाला आहे? आणि पुराची आठवण मी भिंतीवर टांगून ठेवू का?"

माझं मत उलटं होतं. मला ती जपायची होती: मूळचं जे जे टिकेल ते टिकवायचं, काढलेला प्रत्येक तुकडा पिशवीत ठेवायचा, जे करू ते पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, या आग्रहात थोडी माझी हौसही होती. गिटार त्यांची होती.

मधला मार्ग तासाभराच्या बोलण्यातून निघाला. मी विचारलं, "काका, वाजवताना तुम्हाला बॉडीचा रंग दिसतो का?" ते म्हणाले, "मला फ्रेट दिसतात. बॉडी लोकांना दिसते." मग ठरलं की हाताला लागतं ते सगळं, म्हणजे नेक, फ्रेट, ब्रिज, खुंट्या, उत्तम करायचं, गरज पडली तर नवीन. आवाज ज्यातून येतो ते पिकअप मूळचेच जगवायचे. रंगाला हात लावायचा नाही, फक्त सुटलेला थर बसवायचा आणि उघडं लाकूड बंद करायचं. लाल रंगाचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला. रंग कधीही मारता येतो.

आणि मुदत पडली. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवायचं असं काकांनी सांगून टाकलं आणि मी हो म्हटलं.

नेक: दोनदा केलेलं काम

ट्रस रॉडचं नट आधी सोडवायचं होतं. गंजलेल्या नटावर पातळ तेल सोडायचं हा माझा टूलरूमचा हात. इथे ते तेल लाकडात झिरपलं असतं आणि मग पट्टीला गोंद धरला नसता. म्हणून सोल्डरिंग आयर्नचं टोक नटाला लावून गरम करायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा गरम, असं सहा-सात वेळा केलं. किल्लीही इंचाची लागते, अष्टमांश इंच. ३ मिलिमीटरची ॲलन की बसल्यासारखी वाटते आणि षटकोन गोल करून टाकते. चौथ्या दिवशी नट करकरलं आणि पाव फेरा फिरलं.

शिसवाची पट्टी पुढे पूर्ण सोडवून घेतली. १९६२ नंतर फेंडरने ही पट्टी पातळ केली आणि खालूनही वळणदार ठेवली. त्यामुळे ती सपाट फळीने दाबून चिकटत नाही. वरची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची, म्हणजे १८४ मिलिमीटर. जुन्या सहकाऱ्याकडे जाऊन त्या त्रिज्येचा लाकडी साचा मिलिंगवर काढून घेतला. एक गंमत: साठच्या दशकाच्या मध्यानंतर फेंडर या पट्ट्यांसाठी भारतीय शिसव वापरू लागलं होतं. आपलं लाकूड कॅलिफोर्नियाला जाऊन, गिटार होऊन परत आलं आणि गोदावरीत बुडालं.

आता चूक. पट्टी चिकटवायची वेळ आली ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. बाहेर संततधार. ओलावा मापकाने नेकच्या मेपलमध्ये सोळा टक्के दाखवले. दहाच्या आसपास यायला हवं हे मला माहीत होतं. पण चतुर्थीला पाच आठवडे उरले होते, त्यात फ्रेट बसवायचे, घासायचे, सेटिंग करायचं. मी चिकटवून टाकलं, तेही पाण्यात विरघळणाऱ्या पिवळ्या गोंदाने, म्हणजे ओल्या लाकडात आणखी पाणी. नऊ दिवसांनी नवव्या फ्रेटपाशी कडेला ब्लेडचं टोक जाईल एवढी फट दिसली. मी ती बोटाने दाबून पाहिली. मिटत होती, सोडली की उघडत होती.

इथे दोन रस्ते होते. त्या फटीत पातळ सुपरग्लू सोडून गणपती काढून नेणे, किंवा पुन्हा सगळं उघडणे. सुपरग्लूची बाटली मी हातात घेतली होती, हे कबूल करतो. पण खाली लाकूड ओलंच होतं. ते ऑक्टोबर हीटमध्ये आक्रसणार आणि तेव्हा पट्टीच फुटणार. काकांना फोन केला. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. गणपतीत ते कुणाची तरी उसनी गिटार घेऊन वाजले. मी ऐकायला गेलो नाही.

नेक मग दीड महिना पत्र्याच्या पेटीत ठेवला, आत चाळीस वॅटचा पिवळा बल्ब, वर फटीतून हवा. दर दोन दिवसांनी मापून वहीत लिहिलं: पंधरा, चौदा, साडेतेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दहा आलं आणि चार दिवस दहावरच राहिलं. मग त्याच साच्यात पुन्हा चिकटवलं. या वेळी बसलं.

सुताराचे दोन स्क्रू काढून भोकांत मेपलच्या खुंट्या बसवल्या. तीन स्क्रूंचा जोड तसाच ठेवला, फक्त भोकं नव्याने घट्ट केली.

पिकअप आणि बेचाळीस नंबरची तार

मधला पिकअप मीटरवर ५.७ किलोओहम दाखवत होता, म्हणजे जिवंत. नेकजवळचा आणि ब्रिजजवळचा बंद. या पिकअपमध्ये तार थेट चुंबकांभोवती गुंडाळलेली असते, मध्ये लॅकरचा पातळ थर. चुंबक गंजले की फुगतात आणि सगळ्यात आतली वेटोळी तोडतात. वरून गुंडाळी अखंड दिसते. वरच्या-खालच्या फायबरच्या पट्ट्याही पाण्याने फुगून होडीसारख्या वाकल्या होत्या.

नवे पिकअप घेणं सोपं होतं आणि स्वस्तही. पण आवाज मूळचा ठेवायचं ठरलं होतं. फायबरच्या पट्ट्या मोटर-वाइंडिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या शीटमधून कापल्या. चुंबक मूळचेच, पॉलिश पेपरने साफ करून, लॅकर मारून. या सालच्या पिकअपमध्ये चुंबकांची उंची कमी-जास्त असते, म्हणून काढतानाच थर्मोकोलच्या तुकड्यावर क्रमाने खोचले आणि होकायंत्राने कुठलं टोक वर ते लिहून ठेवलं. तार कुठल्या दिशेने गुंडाळली होती तेही. दिशा उलटी झाली तर मधल्या जिवंत पिकअपशी एकत्र वाजताना आवाज पोकळ होतो. टाचेचा शिक्का पुसल्यापासून मी फोटो काढल्याशिवाय काही उचलत नव्हतो.

गुंडाळायला अंबडमध्ये सोलेनॉइडच्या कॉइल करणारा एक कारागीर सापडला, मोजणी यंत्रासह. मी त्याला सांगितलं, बेचाळीस नंबरची तार, साधारण आठ हजार वेढे. संध्याकाळी त्याचा फोन आला, "साहेब, तीन हजारांतच भरलं. पुढे जागा नाही." मीटर लावलं तर हजार ओहमसुद्धा भरेनात. मग डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकन मोजपट्टीतली बेचाळीस नंबरची तार ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे वाइंडिंगवाले वापरतात ती ब्रिटिश मोजपट्टी, तिच्यात बेचाळीस म्हणजे ०.१ मिलिमीटर. मला हवी होती ती आपल्या भाषेत शेहेचाळीसच्या जवळची. तार नेहमी मिलिमीटरमध्ये सांगावी. त्याने एक पैसा जास्त न घेता पुन्हा करून दिलं, दोनदा तार तुटली तरी. दोन्ही पिकअप ५.८ किलोओहमच्या आसपास आले.

कुठला पिकअप वाजेल ते ठरवणारा सिलेक्टर स्विच साफ करताना खाचेत लाकडाची एक कपची सापडली. मला वाटलं सुताराची. काकांना दाखवली तर ते हसायलाच लागले. हा स्विच तीन जागांचा. दोन जागांच्या मधोमध तो अडकवला की दोन पिकअप एकत्र वाजतात. म्हणून ते खाचेत आगकाडी खोचून ठेवायचे. जगभर वादक स्विच असाच मधोमध अडकवत. शेवटी १९७७ मध्ये फेंडरने पाच जागांचा स्विचच दिला. मी म्हटलं, पाचचा बसवून देतो, जुना पिशवीत ठेवू. काका म्हणाले, "नको. मला काडीची सवय आहे."

ब्रिज

इथे फार वेळ गेला नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरने ट्रेमोलोचा ब्लॉक आणि सॅडल पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचे ओतायला सुरुवात केली होती. जस्ताला पांढरी पावडर धरते, आणि गंज काढायला आपण व्हिनेगर वापरतो ते जस्तालाच खातं. मी एका सॅडलवर करून पाहिलं, अर्ध्या तासात कड बोथट झाली. ब्लॉकमध्ये तुटलेला दांडा ड्रिलने काढताना आटे गेले. मग नवा ब्लॉक पोलादाचा करून घेतला, सॅडल पोलादी घेतले. आवाज मूळपेक्षा किंचित वेगळा झाला असणार. मूळचे सगळे तुकडे पाकिटात आहेत.

निकाल

२८ ऑक्टोबरला, कोजागिरीला, गिटार दिली. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं, त्यामुळे सोसायटीत दूध ग्रहणाआधी की नंतर यावर वाद चालू होता आणि गिटारकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. काकांना ते बरं वाटलं असावं. त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात बसून, ०.००९ इंचाच्या हलक्या तारांवर पाऊण तास वाजवलं. बोटं अडखळत होती. मध्येच थांबून त्यांनी आगपेटी मागितली.

एकूण सुमारे एकशे दहा तास गेले. सामानासह अडतीस हजार घेतले, त्यात माझा रोज सुटला नाही. पहिल्या गोंदाचे आणि चुकीच्या तारेचे पैसे मी लावले नाहीत. २०२४ च्या पावसाळ्यात नेक थोडा पुढे वाकला, ट्रस रॉडच्या पाव फेऱ्यात परत आला, पट्टी हलली नाही. बॉडीवरचा सुटलेला रंग पातळ सुपरग्लूने बसवला होता, त्यातला खालच्या शिंगाजवळचा तळहाताएवढा भाग पुन्हा पोकळ वाजतो. तिथे आत ओल राहिली असावी. वर्ष उलटलं तेव्हा मी लाल रंगाचं विचारलं. काका म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी."

पुन्हा असं काम आलं तर

मुदत मी देणार नाही, लाकूड देईल. गिटार जूनमध्ये माझ्याकडे आली होती. बल्बची पेटी त्याच दिवशी केली असती तर कदाचित ऑगस्टमध्ये नेक दहा टक्क्यांवर असता आणि गणपतीही मिळाला असता. म्हणजे अडचण पावसाची नव्हती, मी पहिले दोन महिने पिकअप आणि ब्रिजच्या मागे घालवले याची होती. जे काम सुकण्यावर अवलंबून आहे ते आधी सुरू करायचं, बाकीचं त्याच्या सावलीत.

रंगाच्या बाबतीत मी काकांना माझ्या बाजूला वळवलं की त्यांना खरंच पटलं, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. पुढच्या वेळी मी आधी मालकाच्या हातात दुसरी गिटार देऊन अर्धा तास ऐकेन, आणि मगच पर्याय मांडेन.

ब्रिजचा प्रयोग तुटलेल्या सॅडलवर करायला हवा होता. एक तुटलेलं डब्यात होतंच.

गिटार बंद करण्याआधी पिकगार्डखालच्या पोकळीत एक चिठ्ठी ठेवली. काय मूळचं, काय नवं, तारेची जाडी मिलिमीटरमध्ये, गोंद कुठला, ओलावा किती, तारखा. शेवटची ओळ अशी आहे: नेकच्या टाचेवर शाईचा शिक्का होता, जून २०२३ मध्ये माझ्या हातून पुसला गेला, त्यावर काय होतं ते वाचलेलं नाही.